पिवळा बंपर: ओळख, खरेदी आणि जपणूक

१९८४ साली ट्रान्सफॉर्मर्सची, म्हणजे गाडीचा रोबोट होणारी, खेळणी अमेरिकेतल्या दुकानांत पहिल्यांदा आली, तेव्हा क्लिफजंपर नावाच्या रोबोटच्या काही कार्डांवर, म्हणजे खेळणं ज्यावर बसवून विकतात त्या छापील पुठ्ठ्यांवर, क्लिफजंपर नव्हताच. कार्डावरचं चित्र त्याचं, नाव त्याचं, मागे छापलेली माहितीही त्याचीच. बबलच्या, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणाच्या, आत मात्र दुसराच एक पिवळा रोबोट होता, ज्याची गाडी चौकोनी, मागे उभट पाठीची. त्या काळात त्याला ना स्वतःचं नाव होतं, ना स्वतःचं कार्ड. टीव्हीवरच्या मालिकेतही त्याला जागा मिळाली नाही. रंग बंबलबी या दुसऱ्या छोट्या रोबोटचा आणि कार्ड क्लिफजंपरचं, म्हणून संग्राहक त्याला बंबलजंपर म्हणू लागले. अधिकृत नाव पुष्कळ नंतर आलं: बंपर.

एवढं किरकोळ पात्र, पण जुन्या मिनी ऑटोबॉट्सच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्समधल्या चांगल्या बाजूच्या छोट्या रोबोटांच्या, संग्रहात याच्याइतकी चुकीच्या नावाने विकली जाणारी वस्तू दुसरी क्वचितच सापडेल. ज्याला तो खरोखर हवा आहे त्याच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. बंपरमध्ये दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक म्हणजे ते खेळणं, आणि दुसरी म्हणजे ते खेळणं क्लिफजंपरच्या कार्डावर विकलं गेलं ही घटना. सुट्या खेळण्यात पहिली पूर्णपणे मिळते, दुसरी जवळजवळ सिद्धच करता येत नाही. कार्डासकट घेताना पैसे दुसऱ्या वस्तूचे मोजायचे असतात, त्यामुळे पारखायचं असतं ते कार्ड. पुढची प्रत्येक पायरी यातूनच निघते.

आधी घराणं समजून घ्या

बंपर जन्माने जपानी आहे. ताकारा कंपनीच्या मायक्रोमॅन मालिकेत १९८३ साली मायक्रो चेंज नावाची शाखा निघाली. मायक्रोमॅन ही जेमतेम दहा सेंटिमीटरची माणसं. माणसांच्या जगात ती खऱ्या मापात वावरतात अशी कल्पना. म्हणून त्यांचे साथीदार रोबोटही घरात सहज सापडणाऱ्या वस्तूंच्या रूपात लपतात. वॉल्थर पी३८ पिस्तूल होतं, त्याचा पुढे ट्रान्सफॉर्मर्समधला मेगाट्रॉन झाला. कॅसेट प्लेयर होता, त्याचा साउंडवेव्ह झाला. आणि काही छोट्या खेळण्यातल्या गाड्या होत्या.

‘खेळण्यातल्या’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. बंबलबी, क्लिफजंपर आणि बंपर या खऱ्या गाड्यांच्या लहान प्रतिकृती नाहीत. ताकाराच्याच चोरो-क्यू या मागे ओढून सोडायच्या ठेंगण्या, फुगीर गाड्यांचा तो अवतार आहे. मूळ गाडीची लांबी दाबून टाकलेली, चाकं मोठी, छप्पर उंच. हे माहीत नसलं की लोक मूळ मोटारीचा फोटो शेजारी ठेवून प्रमाण जुळवत बसतात आणि खरं खेळणं नकली ठरवून मोकळे होतात.

बंपरची मूळ मोटार म्हणजे माझदा फॅमिलिया १५००एक्सजी. १९८० साली आलेली ही पुढच्या चाकांवर चालणारी फॅमिलिया जपानमध्ये तुफान खपली. जपानचा ‘कार ऑफ द इयर’ हा पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी, म्हणजे १९८०-८१ साठी, तो तिलाच मिळाला. एक्सजी हा तिचा तरुणांचा लाडका प्रकार, तोही लाल रंगात. जपानबाहेर तीच गाडी ३२३ या नावाने, आणि अमेरिकेत जीएलसी या नावाने गेली. तिचे जुने फोटो सावकाश बघा: सपाट बॉनेट, सरळ रेषा, मोठ्या काचा आणि मागे वर उघडणारं दार. ओळख पटवताना तुमचा सगळा भार याच आकारावर राहणार आहे.

हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने ताकाराकडून मायक्रो चेंज आणि डायक्लोन या दोन्ही मालिकांतले साचे घेतले, त्यांना नावं आणि स्वभाव दिले आणि १९८४ साली ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले. पहिल्या वर्षीच्या छोट्या ऑटोबॉट्समध्ये सहा नावं होती: बंबलबी, क्लिफजंपर, ब्रॉन, गिअर्स, हफर आणि विंडचार्जर. फॅमिलिया त्या सहांत नव्हती. तरीही काही नग क्लिफजंपरच्या कार्डावर अमेरिकेत पोचले, तेही फक्त पिवळ्या रंगात. त्यामुळे कोणी तुम्हाला दुसऱ्या रंगाची फॅमिलिया ‘अमेरिकन बंबलजंपर’ म्हणून दाखवली, तर ती वस्तू चांगली असू शकते, पण तिच्यावर लावलेलं नाव चूक आहे.

सारखे दिसणारे तिघे बाजूला काढा

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका.

पहिला घोटाळा रंगाचा. १९८४ साली बंबलबी आणि क्लिफजंपर हे दोघेही लाल आणि पिवळा अशा दोन्ही रंगांत विकले गेले. म्हणजे क्लिफजंपरच्या कार्डावर पिवळं खेळणं असणं यात स्वतःहून काही दुर्मीळ नाही. तो साधा पिवळा क्लिफजंपर असू शकतो, आणि बहुतेक वेळा तोच असतो. विक्रेते ‘यलो क्लिफजंपर, बंबलजंपर, व्हेरी रेअर’ अशी तिन्ही नावं एकाच ओळीत लिहितात. लबाडीनेच असं नाही, अनेकांना फरकच ठाऊक नसतो. तुम्हाला तो ठाऊक हवा.

दुसरा घोटाळा हबकॅपचा. १९८६ साली हॅस्ब्रोने जुन्या साच्यांत फेरफार करून नवे मिनी ऑटोबॉट काढले: हफरवरून पाइप्स, ब्रॉनवरून आउटबॅक, गिअर्सवरून स्वर्व्ह, विंडचार्जरवरून टेलगेट, आणि क्लिफजंपरवरून हबकॅप. हबकॅपही पिवळा. त्याची गाडी क्लिफजंपरच्याच पोर्शाच्या वळणाची आहे, फॅमिलियाच्या नाही. तिसरा अर्थातच पिवळा बंबलबी. तो मात्र फोक्सवॅगन बीटल असल्यामुळे गोल पाठीवरून लगेच कळतो.

हे तिघे वेगळे काढायचे तर रोबोटच्या रूपात नव्हे, गाडीच्या रूपात बघा. रोबोट म्हणून चौघेही एकमेकांचे भाऊ वाटतात. छोट्या, धूसर फोटोत तर हमखास फसगत होते. गाडी म्हणून ते फसवत नाहीत. बीटल गोल असते. पोर्शाची पाठ मागे उतरत जाते. फॅमिलियाचं छप्पर सपाट मागे जातं आणि मग तिची पाठ एकदम खाली येते. बाजूने काढलेला एक सरळ फोटो मिळाला तर दहा वर्णनांपेक्षा तो जास्त सांगतो.

काळ ठरवायला आणखी एक खूण आहे. १९८५ पासून ट्रान्सफॉर्मर्सवर एक छोटा चौकोनी स्टिकर येऊ लागला. बोटाने चोळून ऊब दिली की त्यात ऑटोबॉटचं किंवा त्यांच्या शत्रूंचं, म्हणजे डिसेप्टिकॉनचं, चिन्ह उमटतं. बंपर १९८४ चा आहे, त्याच्यावर हा स्टिकर नसायला हवा. एखाद्या ‘बंबलजंपर’वर तो दिसला, तर आधी गाडीचा आकार पुन्हा तपासा, बहुधा समोर हबकॅप किंवा नंतरच्या वर्षीचा क्लिफजंपर असेल. आकार फॅमिलियाचाच असेल, तर तो स्टिकर कोणीतरी मागाहून चिकटवला आहे.

विक्रेत्याकडून कोणते फोटो मागायचे

सुट्या नगासाठी गाडीच्या रूपातले दोन्ही बाजूंचे सरळ फोटो, मागून एक आणि वरून एक. रोबोटच्या रूपात समोरून आणि पाठीमागून. तळाचा जवळून काढलेला फोटो तर आवर्जून मागा, कारण निर्मात्याचं नाव प्लास्टिकमध्येच उमटवलेलं असतं. ताकारा आणि जपान ही अक्षरं स्वच्छ, तीक्ष्ण दिसली पाहिजेत. नकली खेळणी बनवणारे बहुधा मूळ खेळण्यावरून साचा काढतात, त्यामुळे त्यांच्याकडे अक्षरं एकतर खरवडून काढलेली असतात किंवा कडा बोथट झालेल्या असतात. खऱ्यापासून काढलेल्या साच्यातली वस्तू थंड होताना किंचित आकसते, म्हणून नकली नग मापाने थोडा लहानही भरतो. हाताशी खरा मिनी ऑटोबॉट असेल, तर चाकांमधलं अंतर पट्टीने मोजून पाठवायला विक्रेत्याला सांगायला संकोच करू नका. गंभीर विक्रेता मोजून देतो.

सांध्यांचे फोटोही हवेत. चाळीस वर्षांच्या प्लास्टिकमध्ये पिनेभोवती पांढरट रेषा दिसली तर तिथे ताण आलेला आहे आणि पुढच्या रूपांतरात तुकडा पडू शकतो. धातूच्या पिना आणि चाकांचे आस गंजले आहेत का तेही बघा. जुन्या खेळण्यांच्या चर्चेत सोनेरी, चमचमत्या प्लास्टिकच्या रोगाचं नाव वारंवार येतं. ते प्लास्टिक काही वर्षांत आपोआप ठिसूळ होतं. बंपरचं पिवळं प्लास्टिक त्या जातीचं नाही, त्यामुळे ती भीती इथे बाळगायची गरज नाही.

आता स्टिकरचा प्रश्न. १९८३ च्या जपानी मायक्रो चेंज नगावर ऑटोबॉटचं लाल चिन्ह असू शकत नाही, कारण ते चिन्ह तोवर जन्मालाच आलं नव्हतं. ते हॅस्ब्रोच्या काळातलं. मग चिन्ह असलेला सुटा नग अमेरिकन आणि बिनचिन्हाचा जपानी, असं धरून चालायचं का? नाही. नव्याने छापलेले हुबेहूब स्टिकर आज सहज मिळतात, आणि जुने स्टिकर गळूनही पडतात. फार झगझगीत, कडा अगदी धारदार असलेला आणि भोवती धूळ-मळाची रेघ नसलेला स्टिकर बहुधा नवा असतो. सुट्या बंपरसाठी ‘हा अमेरिकेत क्लिफजंपरच्या कार्डावर आलेला आहे’ या गोष्टीखातर वेगळे पैसे मोजू नका. खेळण्याची स्थिती बघा आणि तिचीच किंमत द्या. सुटा बंपर ही स्वतःच पुरेशी सुंदर वस्तू आहे.

कार्डासकट घेत असाल तर

इथे मी सर्वाधिक सावध राहायला सांगेन. न उघडलेल्या क्लिफजंपर कार्डावरचा बंपर ही या पात्राची सर्वांत दुर्मीळ अवस्था आहे, आणि नेमकी तीच बनवता येते. लागतं काय? एक जुनं, उघडलेलं, खरं क्लिफजंपर कार्ड, एक सुटी पिवळी फॅमिलिया आणि बबल परत चिकटवण्याचं कसब. तिन्ही वस्तू खऱ्या असतात. खोटी असते ती फक्त त्यांची जोडी.

म्हणून नजर खेळण्यावरून हटवून बबलच्या कडेवर ठेवा. कारखान्यात बबल उष्णतेने दाबून बसवलेला असतो. त्याची पट्टी चारही बाजूंनी सारख्या रुंदीची आणि सारख्या दाबाची दिसते. परत चिकटवलेल्या बबलखाली गोंदाची ओलसर चमक, पिवळट ओघळ किंवा हवेचे बुडबुडे दिसतात. कार्डाचा छापील थर कुठे उचलला गेला असेल, तर कडेलगत कागदाचे पांढरे तंतू उघडे पडतात. विक्रेत्याला अंधाऱ्या खोलीत एका बाजूने टॉर्च आडवा धरून फोटो काढायला सांगा. समोरून पडलेल्या उजेडात जे लपतं ते आडव्या उजेडात उठून दिसतं. मागच्या बाजूचाही असाच फोटो घ्या. तिथे रोबोट पॉइंट, म्हणजे कापून जमवायचा छापील गुण, कापून घेतलेला असेल, तर ते कार्ड कोणीतरी कधीकाळी वापरलेलं आहे. एरवी चांगल्या दिसणाऱ्या बबलवर याहून मोठी शंका घेण्याजोगी गोष्ट नाही.

बबल आणि कार्ड यांचं वय जुळतं का हेही पाहा. कार्ड कोपऱ्यांवर झिजलेलं, रंग उडालेला आणि बबल मात्र काचेसारखा स्वच्छ, असं असेल तर बबल बहुधा नवा आहे. उलट बबल पिवळा पडलेला असणं हे इथे चांगलं लक्षण. तुलनेसाठी १९८४ च्या साध्या, सीलबंद बंबलबी आणि क्लिफजंपरचे भरपूर फोटो आधीच साठवून ठेवा: खेळणं आत कोणत्या बाजूला तोंड करून बसलं आहे, बबलचा आकार कसा आहे, त्याची कड कार्डावर नेमकी कुठे येते. बंपरचा सीलबंद नग यांच्यापासून बबलच्या बाबतीत वेगळा दिसण्याचं काही कारण नाही.

मोठी रक्कम गुंतत असेल तर तपासणी करून, अॅक्रिलिकच्या पेटीत सील करून, गुण देणाऱ्या संस्थेचं मत असलेला नगच घ्या. अमेरिकेतली अॅक्शन फिगर ऑथॉरिटी, म्हणजे एएफए, यासाठी सर्वांत परिचित आहे. पेटीवरचा क्रमांक आणि गुण विक्रेत्याच्या फोटोत वाचता येतील असे हवेत.

किंमत

मागितलेल्या किमती बघू नका, विकल्या गेलेल्या बघा. ईबेवर ‘सोल्ड’चा पर्याय लावून बंबलजंपर, बंपर आणि ‘यलो क्लिफजंपर’ या तिन्ही नावांनी शोधा, आणि प्रत्येक नोंदीतली गाडी आकारावरून स्वतः तपासून मगच तिची किंमत हिशेबात धरा. नाहीतर साध्या क्लिफजंपरच्या किमतीही सरासरीत मिसळतात. उलट फायदाही इथेच आहे: काही वेळा खरा बंपर नुसता ‘पिवळा बंबलबी, जुना’ म्हणून टाकलेला असतो. जपानी बाजू बघायची तर मांदाराके ही जुन्या खेळण्यांची दुकानसाखळी आणि याहूचे जपानी लिलाव. तिथे शोध जपानी लिपीत ‘मायक्रो चेंज’ आणि ‘फॅमिलिया’ असा घ्यावा लागतो. लिलावातली वस्तू भारतात आणायची तर मधल्या खरेदी-सेवेची गरज पडते. तिचं शुल्क आणि जपानमधला अंतर्गत टपालखर्च धरूनच बोली लावा.

भारतात शोधताना आणि मागवताना

मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे फिरण्याचा आनंद आहेच, पण १९८४ चा अमेरिकन बंपर तिथे सापडेल या आशेवर बसू नका. आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर्स आले ते एमआरएफच्या फनस्कूलमार्फत, हॅस्ब्रोच्या परवान्याने. फनस्कूलचं उत्पादन सुरू झालं ते गोव्यातल्या कारखान्यात, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे बंपरनंतर काही वर्षांनी. माळ्यावरच्या पेटीत फनस्कूलचं नाव असलेला छोटा रोबोट निघाला तर तो बंपर नसेल, पण त्याचं कार्ड किंवा खोकं टाकून देऊ नका. भारतीय बनावटीचे ट्रान्सफॉर्मर्स परदेशी संग्राहक आवर्जून शोधतात.

खरी शक्यता दुसरीकडे आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांची मुलं १९८४ साली नेमकी या खेळण्यांच्या वयाची होती. न्यू जर्सीतल्या मावशीच्या तळघरात मुलांच्या खेळण्यांचं खोकं अजून असेल, तर तिला किंवा मावसभावाला एवढंच विचारा: पिवळी छोटी गाडी, रोबोट होणारी, तिची पाठ गोल आहे, उतरती आहे की उभी?

परदेशातून मागवताना सीमाशुल्काचा अंदाज आधी घ्या. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, प्रमाणपत्र बंधनकारक आहे. चाळीस वर्षं जुन्या संग्रही वस्तूकडे ते असणार कुठून? वैयक्तिक पार्सलला नेमका कोणता दर आणि कोणती अट लागेल हे कुरिअर कंपनीला किंवा कस्टम एजंटला आधी विचारा, आणि विक्रेत्याला पावतीवर ‘संग्रहासाठी जुनी वस्तू’ आणि तिचं वर्ष स्पष्ट लिहायला सांगा. किंमत कमी लिहून घेऊ नका. पार्सल अडकलं किंवा हरवलं तर भरपाई पावतीवरच्या रकमेवरच मिळते. येणारा कोणी ओळखीचा असेल तर सुटा नग त्याच्या हाती मागवणं सोपं. कार्डासकटचा मात्र हँडबॅगेतच, कडक खोक्यात.

घरी आल्यावर

पार्सल उघडताना व्हिडिओ करा. तक्रारीची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो. खेळणं लगेच फिरवून बघायचा मोह आवरा. थंडीतून किंवा मालवाहू विमानातून आलेलं प्लास्टिक कडक झालेलं असतं. खोलीच्या तापमानाला काही तास राहू द्या. मग हात-पाय हळूहळू बाहेर ओढा. अडलं तर जोर न करता थांबा आणि कुठे मळ साचला आहे ते बघा.

सफाईला कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश पुरतो. खेळणं पाण्यात बुडवू नका. आस आणि पिना धातूच्या आहेत, आत शिरलेलं पाणी तिथेच बसतं. स्टिकरवर ओला ब्रश फिरवू नका. रंग उजळवण्यासाठी काही जण हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. पांढऱ्या प्लास्टिकवर त्याचा उपयोग होतो, पण बंपरचा रंगच पिवळा आहे. त्यावर हा प्रयोग केला तर मूळ रंगच डागाळून फिका पडतो आणि तो परत येत नाही. हे अजिबात करू नका.

आपल्या हवेत, विशेषतः मुंबईत, कोकणात आणि गोव्यात, खरा शत्रू पावसाळा आहे. पिनांना गंज चढतो, कार्डाला बुरशी लागते, कसर कागद खाते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जूनपासून त्या महिन्या-महिन्याला बदला किंवा तापवून कोरड्या करा. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नका. त्यांतलं तेलकट द्रव्य बाहेर येऊन जुन्या प्लास्टिकला चिकट करतं. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या चालतात. टायर रबराचे असतील तर ते दुसऱ्या कुठल्या प्लास्टिकला टेकून वर्षानुवर्षं राहणार नाहीत असं बघा, कारण रबर प्लास्टिकमध्ये डाग उतरवतं. उन्हापासून तर लांब ठेवायचंच; काचेच्या कपाटावर खिडकीचा उजेड थेट पडत असेल तर कपाट हलवा.

शेवटचं काम कागदाचं. खरेदीची पावती, विक्रेत्याचे मूळ फोटो आणि उघडतानाचा व्हिडिओ एका ठिकाणी साठवा. सोबत डब्यात एक चिठ्ठी ठेवा: ‘बंपर, माझदा फॅमिलियाचा साचा, ताकारा. बंबलबी नाही, क्लिफजंपर नाही, हबकॅपही नाही.’ कोणत्या वर्षी, कोणत्या देशातून, किती किमतीला घेतला आणि स्टिकर मूळचे की नवे, हेही त्यावर लिहा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, कारण शाई दमटपणात फुटते. एक प्रत घरातल्या ज्याला या गोष्टींत थोडा तरी रस आहे त्याच्याकडे द्या.